गल्ली शून्य, घर नऊ

पाठ्यपुस्तक तपासायला आलं की मी ते आधी हातावर तोलून पाहतो. मग मागून उघडून संदर्भांच्या यादीत आपलं नाव आहे का ते बघतो. नसलं, तर लेखकाचा अभ्यास कच्चा आहे हे तिथंच ठरतं, आणि पुढचं काम म्हणजे त्या मताला पुरावे गोळा करणं. ही पद्धत माझी नव्हे. माझं स्वतःचं पुस्तक कुणीतरी असंच तोलून परत पाठवलं होतं, तेव्हा ती मला शिकायला मिळाली.

या वेळचं पुस्तक नेटवर्किंगवरचं होतं. चारशे बारा पानं, एका बाजूला छापलेली, स्प्रिंगमध्ये अडकवलेली. ‘संगणकांचं जाळं: विद्यार्थ्यांसाठी आणि कामावरच्या लोकांसाठी’. दोघांसाठी एकच पुस्तक म्हणजे दोन्ही पायांत चालणारी एकच चप्पल, असं मी समासात लगेच लिहून ठेवलं. पुढे अहवालात उपयोगी पडेल म्हणून. लेखकाच्या नावावर कागदाची पट्टी चिकटवलेली होती. नाव कळलं की परीक्षक निःपक्षपाती राहत नाही म्हणतात. मी पान खिडकीशी उजेडात धरून पाहिलं. पण अभ्यास मंडळाचा हेडक्लार्क या कामात मुरलेला. त्याने पट्टीवर पट्टी लावली होती.

सोबतच्या पत्रात लिहिलं होतं की पुस्तक अभ्यासक्रमाला लावायचं की नाही ते तिघांची समिती शुक्रवारी ठरवील. नाकारलं, तर तेच पुस्तक पाच वर्षं पुन्हा पाठवता येणार नाही. एखाद्या परीक्षकाने कारणांसह लेखी मत बदललं तर गोष्ट वेगळी. पुढे कंसात होतं: ‘असे आजवर घडलेले नाही.’

मी बावीस वर्षं हा विषय शिकवतो आहे. पोरं मला मागून ‘वजा दोन’ म्हणतात. हे मला ठाऊक आहे आणि मी मनाला लावून घेत नाही. चष्म्यावरून म्हणत असणार. माझ्या चष्म्याचा नंबर खरं तर वजा साडेतीन आहे. पोरांना दीड नंबराचा फरक कळू नये, याचंच काय ते वाईट वाटायचं.

“कसं आहे?” बायकोने विचारलं. ती औषधाच्या दुकानात बसते. दिवसभर डॉक्टरांचं अक्षर लावून लावून तिला आता कुठलाही चेहरा वाचता येतो.

“बघू. पहिलंच प्रकरण चाललंय.”

“मघाशी हसलात.”

“कोण, मी?”

“तिसाव्या पानाच्या आसपास. म्हणजे चांगलं असणार. म्हणूनच तोंड असं झालंय.”

चांगलं होतं, हीच तर अडचण होती. जे मी दोन तास फळा भरून सांगतो ते या माणसाने अर्ध्या पानात सांगितलं होतं. पत्त्यांचं प्रकरणच बघा. ‘समजा, एका रस्त्यावर शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत घरांचे नंबर आहेत. कुणी एक हाक मारली की सगळ्या खिडक्या उघडतात. हा गोंगाट टाळायला रस्त्याच्या आठ गल्ल्या करा. प्रत्येक गल्लीला बत्तीस नंबर. त्यातला पहिला नंबर गल्लीच्या पाटीचा, शेवटचा दवंडीचा. राहायला उरली तीस घरं.’ संपलं. सबनेट म्हणजे काय हे मला माझ्या विद्यार्थिदशेत कळायला एक सत्र लागलं होतं, आणि कळलं तेही परीक्षेनंतर.

दोन दिवस मी पेन हातात घेऊन नुसता बसलो. पान उलटायचं, चूक शोधायची, सापडायची नाही. जेवण जाईना.

मग सातवं प्रकरण आलं. तिथे या शहाण्याने लिहिलं होतं: ‘आठ गल्ल्या केल्या तर आठही वापरा. गल्ली शून्य आणि गल्ली सात मोकळ्या ठेवू नका.’

मी वाक्य तीनदा वाचलं. मग उठलो, पाणी प्यायलो आणि लाल पेन शोधलं.

कारण नियम असा: घरांतून दोन वजा करायची आणि गल्ल्यांतूनही दोन वजा करायच्या. पहिली आणि शेवटची गल्ली ओसाड ठेवायची. आठातल्या सहाच वापरायच्या. बावीस वर्षं मी वर्गात ओरडतो, “वजा दोन कुठे?” आणि वर्ग एका सुरात ओरडतो, “दोन्हीकडे!” शेजारच्या वर्गातून तक्रारी येतात. पेपरात कुणी सहाऐवजी आठ लिहिले की मी त्यावर फुली मारतो आणि बाजूला लिहितो, ‘वर्गात लक्ष असू द्यावे.’ आणि इथे या महाशयांनी आठ लिहून वर तळटीप दिली होती: ‘काही वर्गांमध्ये अजूनही पहिली आणि शेवटची गल्ली सोडायला शिकवतात. त्यांचा दोष नाही. त्यांच्या काळी नियम तसाच होता.’

“सापडलं वाटतं काहीतरी,” बायको म्हणाली.

“कशावरून?”

“आणखी पोळी मागितलीत.”

मी तिला चूक समजावून सांगितली. तिने ऐकून घेतलं.

“खात्री आहे?”

“बावीस वर्षं शिकवतोय.”

“किती वर्षं ते नाही विचारलं. खात्री आहे का विचारलं.” ताट उचलता उचलता ती म्हणाली, “आमच्याकडे एखादं औषध बाद झालं की मालक काउंटरवर पाटी लावतो. तुमच्यात कोण लावतं?”

“आमच्यात बाद काही होत नाही. गणित आहे ते.”

“बरं,” ती म्हणाली. तिच्या ‘बरं’चे सात अर्थ आहेत. हा कुठला होता ते पाहायला मला वेळ नव्हता.

अहवाल मी एका बैठकीत लिहिला. चांगला उतरला. ‘लेखकास विषयाचा पायाच उमगलेला नाही. सातव्या प्रकरणात मूलभूत चूक असून, ती अनुभवी शिक्षकांच्या माथी मारण्याचा उद्दामपणा तळटिपेत केला आहे. असे पुस्तक विद्यार्थ्यांना देणे म्हणजे माकडाच्या हाती कोलीत देणे होय.’

गुरुवारी त्याच्या चार प्रती काढायला मी कॉलेजच्या लॅबमध्ये गेलो. तिथे आमच्या लॅबताई असतात. पद प्रयोगशाळा सहायकाचं, काम पडेल ते. कॉलेजातलं सगळं जाळं त्यांनीच टाकलेलं. भिंतीतून भोकं पाडून, छताला शिडी लावून. खांद्यावर वायरीचं वेटोळं, कमरेला पकड, आणि प्रत्येक वायरीच्या टोकाला त्यांच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी. असल्या चिठ्ठ्या मी रोज बघायचो, म्हणजे बघायचो नाही.

“ताई, चार प्रती. आणि गोपनीय आहे हां.”

“मी वाचत नाही, सर.”

प्रिंटरमधून कागद आले. ताईंनी ते उचलले आणि तशाच हातात धरून उभ्या राहिल्या.

“झालं का?” मी विचारलं.

“शाई ओली आहे, सर,” त्या म्हणाल्या. “पुसेल.”

मग एकेक प्रत टेबलावर ठोकून सारखी केली, कोपरा जुळवून पिना मारल्या आणि दोन्ही हातांनी माझ्याकडे दिल्या. मी ‘थँक यू’ म्हटलं की नाही ते आठवत नाही. बहुधा नाही.

शुक्रवारी बैठक झाली. काचेचं टेबल, काचेखाली जुनी परिपत्रकं, तीन कप चहा. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचा विषय व्याकरण. नेटवर्किंगच्या समितीवर ते कसे, असं विचारायची पद्धत नाही. ते सगळ्यांत ज्येष्ठ होते. तिसरा परीक्षक कंपनीतला, गळ्यात पट्टा, पट्ट्याला फोटो. तो माझाच जुना विद्यार्थी निघाला. वाकून नमस्कार वगैरे केला, त्यामुळे बैठक चांगली जाणार हे मी ओळखलं.

“ह्रस्व-दीर्घाच्या एकोणीस चुका आहेत,” अध्यक्षांनी सुरुवात केली. “शिवाय ‘राऊटर’ शब्दातला ‘ऊ’ पहिला की दुसरा, हे लेखकाने आधी ठरवावं. बाकी आशयाचं तुम्ही दोघं बोला.”

मी अहवाल वाचला. ‘कोलीत’ला अध्यक्षांनी मान डोलावली. “वाक्प्रचार नेमका आहे.”

“तुमचं काय?” त्यांनी कंपनीवाल्याला विचारलं.

तो पट्ट्याशी चाळा करत म्हणाला, “पुस्तक मला तसं बरं वाटलं होतं. म्हणजे ते सातव्या प्रकरणाचं… आमच्याकडे हल्ली जरा वेगळं…”

“काय वेगळं?” मी विचारलं. माझा वर्गातला आवाज लागला असावा.

“नाही, काही नाही सर.” तो सरळ बसला. “तुम्ही म्हणताय म्हणजे बरोबरच असणार. तुम्हीच तर शिकवलंय.”

पुस्तक एकमताने नाकारलं गेलं. सह्या झाल्या. मग हेडक्लार्कने नियमाप्रमाणे नोंदीसाठी पट्ट्या सोलल्या. पहिली निघाली, दुसरी निघाली, आणि तो ‘च्च’ करून माझ्याकडे बघायला लागला.

“सर, या तुमच्याच कॉलेजातल्या नव्हेत का? त्या लॅबवाल्या बाई?”

मी कप खाली ठेवला.

“महिनाअखेरीला व्याख्यात्याच्या जागेच्या मुलाखती आहेत, त्यांचाही अर्ज आहे,” हेडक्लार्क म्हणाला. असल्या बातम्या त्याच्याकडे टपालाआधी पोचतात. “अभ्यासक्रमाला पुस्तक लागलं असतं तर अर्ज आत गेला असता. आता छाननीतच उडणार. बिचारी, सात वर्षं लिहीत होती म्हणे.”

“नाव झाकतात ते यासाठीच,” अध्यक्ष म्हणाले. “निःपक्षपात झाला.”

शनिवार-रविवार मी स्वतःची समजूत काढली. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण ते वरून खाली वाटणारं वाईट होतं, आणि तसल्या वाईट वाटण्यात एक प्रकारचा आराम असतो. चूक ती चूक. सोमवारी आपण होऊन जाऊ, खुर्ची ओढून बसू, सबनेट पहिल्यापासून समजावू. ‘चूक कुणाच्याही हातून होते, ताई,’ हे वाक्य मी अंघोळ करताना दोनदा म्हणून पाहिलं.

सोमवारी स्टाफरूममध्ये माझा एकट्याचाच तास रिकामा होता. म्हटलं, ताईंना चूक दाखवायची तर त्यांच्याच पुस्तकातला स्वाध्याय घेऊन दाखवावी. सातव्या प्रकरणाचा पहिला प्रश्न काढला. ‘तुम्ही आत्ता ज्या संगणकासमोर बसला आहात त्याचा पत्ता पाहा. तुम्ही कितव्या गल्लीत राहता?’

बावीस वर्षांत मी स्वाध्याय दिले होते, तपासले होते. सोडवला एकही नव्हता. सेटिंग उघडलं. कॉलेजचं जाळं आठ गल्ल्यांचं होतं, बत्तीस-बत्तीस नंबरांच्या. माझ्या पत्त्याचा शेवटचा आकडा नऊ. नवाला बत्तीसने भागलं. शून्य आलं. पुन्हा भागलं. नवाला कितीही वेळा बत्तीसने भागलं तरी उत्तर शून्यच येणार, हे मला समजत होतं, तरी तिसऱ्यांदा भागलं.

म्हणजे माझा संगणक गल्ली शून्यमध्ये होता. जिथे कुणी राहू शकत नाही असं मी शिकवतो, तिथे. आणि त्याच संगणकावर बसून मी दर सत्राला ‘सहा हे योग्य उत्तर’ अशी उत्तरसूची टाइप करून पाठवत होतो, आणि ती व्यवस्थित पोचत होती.

पडद्यावरचा आकडा खोटा असेल म्हणून मी टेबलाखाली वाकलो. गुडघा वाजला. धूळ, तुटकी पेन्सिल, आणि भिंतीत जाणारी निळी वायर. तिच्या टोकाला चिठ्ठी, बारीक अक्षरातली: ‘गल्ली ०, घर ९’.

गल्ली. हा शब्द वापरणारं माणूस माझ्या पायाशी अकरा वर्षांपूर्वीच सही करून गेलेलं होतं आणि मी नाव वाचायला पट्ट्या उजेडात धरत होतो.

“सर?” दारातून ताईंचा आवाज आला. “वायर निघाली का?”

“नाही,” मी टेबलाखालून म्हटलं. “ही… चालते का?”

“अकरा वर्षं चालतेय. का, बंद पडलं काही?”

“नाही. या गल्लीत आणखी कुणी राहतं?”

टेबलाखालून मला फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या. त्या हलल्या नाहीत.

“अख्खी स्टाफरूम आहे, सर. आणि प्रिंटर.”

“आणि गल्ली सात?”

“प्राचार्य. त्यांना कोपऱ्यातली हवी होती.”

मी बाहेर यायला लागलो. “हळू, वर ड्रॉवर उघडा आहे,” असं त्या म्हणाल्या, पण तोवर तो मला लागला होता. डोकं चोळत मी खुर्चीत बसलो. माणूस जमिनीवरून उठून बसला की काहीतरी बोलायची जबाबदारी त्याच्यावर येते. अंघोळीत पाठ केलेलं वाक्य तोंडाशी आलं, ते मी गिळलं.

“तुम्ही मला कधी सांगितलं का नाही?” मी विचारलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

“सांगितलं होतं, सर. एकदा. सहा वर्षं झाली.”

“मी काय म्हणालो?”

ताईंनी हातातली पकड उघडली, मिटली. “तुम्ही म्हणालात, ‘ताई, वायरीचं तुम्ही बघा, डोक्याचं मी बघतो.’”

मला आठवेना. पण वाक्य माझंच होतं. त्याची ठेवण मी ओळखली. असली वाक्यं मी जमवून ठेवतो आणि स्टाफरूममध्ये पुन्हा सांगतो. हेही सांगितलं असणार. लोक हसले असणार.

“आणि गुरुवारी? प्रिंट काढताना?”

“लेखकाने परीक्षकाशी बोलायचं नाही, असं मंडळाच्या पत्रात होतं.”

“शाई ओली आहे म्हणालात.”

“हो.”

“आपला प्रिंटर लेझर आहे. त्यात शाई नसते, पूड असते.”

“नसते, सर,” त्या म्हणाल्या. “तास आहे का तुमचा? नाहीतर वरच्या मजल्यावरचा स्विच बघून येते.” आणि गेल्या.

मी कंपनीवाल्याला फोन लावला.

“तू त्या दिवशी बोलला का नाहीस?”

“बोललो की सर. ‘जरा वेगळं’ म्हटलं.”

“त्याला बोलणं म्हणतात?”

“तुमच्यासमोर तेवढंच निघालं.” मग तो जरा मोकळा झाला. “खरं सांगू का? कंपनीत लागलो, पहिलाच आठवडा. आठ मजले, आठ गल्ल्या पाडायच्या होत्या. मी उठून सांगितलं, जमणार नाही, सहाच मजल्यांना पुरतील. सगळे माझ्याकडे बघायला लागले. साहेब म्हणाले, ‘तू वजा दोनकडचा का रे?’ तुमची पोरं लगेच ओळखू येतात, सर. आमच्याकडे नवीन कुणी आलं की आधी तेवढं एक काढून टाकतात. दहा मिनिटं लागतात.”

“म्हणजे ते चष्म्यावरून नाही?”

“कुठला चष्मा, सर?”

घरी मी बायकोला सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. हसली असती तर बरं झालं असतं. तिने गोळ्यांची पाकिटं मोजायची थांबवली आणि विचारलं, “किती वर्षं म्हणालात?”

“बावीस.”

“हां. आता वर्षं विचारते आहे.” जरा वेळाने म्हणाली, “पाटी कुणी लावायची ते तुम्हालाच बघावं लागणार.”

पत्र लिहायला बसलो. मराठीत चूक कबूल करायची सोय फार उत्तम आहे. ‘सदर अहवालात अनवधानाने चूक झाली असून ती दुरुस्त समजण्यात यावी.’ एका झटक्यात लिहून झालं. ते घेऊन बुधवारी अध्यक्षांच्या घरी गेलो.

त्यांनी चष्मा लावून वाचलं. “चूक झाली. कुणी केली?”

“झाली.”

“आपोआप? संध्याकाळ झाली, गर्दी झाली, तशी चूक झाली? यात कर्ता कुठाय?”

मी तिथेच बसून दुरुस्त केलं: ‘माझ्याकडून चूक झाली.’

“‘माझ्याकडून’ म्हणजे ती दुसरीकडून निघाली, तुमच्याकडून पुढे गेली. तुम्ही नुसते मधले. काय ते तुमचं यंत्र, राऊटर.” त्यांनी ‘ऊ’वर थांबून जरा विचार केला. “तुम्ही राऊटर होतात का?”

“नाही.”

“मग लिहा नीट.”

चाळीस वर्षं पोरांची वाक्यं तपासलेला माणूस तो. त्याला सबनेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण कर्ता लपला की त्याला बरोबर वास यायचा. मी पेन घेतलं. ‘मी’ लिहिलं. त्यापुढे बराच वेळ काही उमटेना. आत कुणीतरी भांडी लावत होतं. अध्यक्ष खिडकीबाहेर पाहत होते. कुणी लिहीत असताना त्याच्याकडे बघू नये एवढी शिक्षकी त्यांच्यात शिल्लक होती. शेवटी मी लिहिलं: ‘मी बावीस वर्षे चुकीचे शिकवले. त्याच चुकीच्या आधारे मी एक बरोबर पुस्तक नापास केले. ते लिहिणारीने मला ही चूक सहा वर्षांपूर्वी सांगितली होती; मी ऐकली नाही.’

त्यांनी वाचलं. ह्रस्व-दीर्घही तपासले.

“कर्ता, कर्म, क्रियापद. सगळं जागच्या जागी आहे. सही करा.” मग म्हणाले, “ते माकड आणि कोलीतही मागे घ्यायचं?”

“घ्यायचं.”

“घ्या,” ते हळहळले. “वाक्प्रचार चांगला होता.”

त्यांनी माझ्यासमोरच कंपनीवाल्याला फोन केला. त्याने पुस्तकाला इतक्या पटकन होकार दिला की मला पुन्हा एकदा लाज वाटली. हेडक्लार्कने मंजुरीचं पत्र दुसऱ्याच दिवशी काढलं. कंसातलं ‘असे आजवर घडलेले नाही’ हे वाक्य त्याला आता छापील नमुन्यातून काढावं लागणार म्हणून तो जरा नाराज होता. पत्रात एकच अट: वादग्रस्त तळटीप लेखिकेने परीक्षकाला दाखवून अंतिम करावी.

शुक्रवारी सकाळी ताई सातवं प्रकरण घेऊन स्टाफरूममध्ये आल्या. अभिनंदन कसं करायचं याचा मी विचार केला होता, पण ज्याने पाडलं त्यानेच उठवल्याबद्दल पेढे वाटावेत तसं ते दिसलं असतं. मी खुर्ची सरकवली. त्या अकरा वर्षांत पहिल्यांदाच माझ्या टेबलाशी बसल्या. आजवर कायम टेबलाखालीच आल्या होत्या.

“टीप काढून टाकते, सर,” त्या म्हणाल्या. “उगाच कुणाला लागायला नको.”

“काढू नका. पण तिच्यात चूक आहे.”

त्यांनी दचकून वर पाहिलं. आठवड्यात दुसऱ्यांदा मी त्यांच्या प्रकरणात चूक काढत होतो.

“‘त्यांच्या काळी नियम तसाच होता’ असं तुम्ही लिहिलंय. मी पाहिलं शोधून. माझ्या सरांच्या काळी होता. मी पहिला खडू हातात धरला त्याच्या सात-आठ वर्षं आधीच तो रद्द झालाय. माझ्या काळी तो नव्हताच.”

ताईंनी पानाचा कोपरा बोटाने सरळ केला. त्यांना हे माहीत होतं. ज्या बाईने वायरीच्या टोकाटोकाला चिठ्ठी लावली तिला तारीख माहीत नसेल असं होणार नाही. सात वर्षं लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी जाणूनबुजून एकच खोटी गोष्ट लिहिली होती, आणि ती माझ्यासाठी. मी तिच्याच शेजारी समासात ‘उद्दामपणा’ लिहिलं होतं. टेबलावरच्या माझ्या प्रतीत ते अजून दिसत होतं, लाल पेनाचं.

तेच पेन घेतलं. ‘त्यांचा दोष नाही. त्यांच्या काळी नियम तसाच होता.’ एक रेघ ओढली, ‘होता’पर्यंत.

ताईंनी पेनाच्या टोकामागून बोट फिरवत मोजलं. मोजायची सवय. “आठ शब्द गेले, सर.”

“आठही जाऊ देत.”

त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण त्यांनी ते आवरलं. मग उरलेली टीप त्यांनी हळू वाचली: “‘काही वर्गांमध्ये अजूनही पहिली आणि शेवटची गल्ली सोडायला शिकवतात.’” त्या थांबल्या. “यातलं ‘अजूनही’ राहू दे?”

मी घड्याळाकडे पाहिलं. पावणेअकरा झाले होते. अकराला माझा तास होता, तिसऱ्या वर्षाचा. मागच्याच आठवड्यात त्यांनी ‘दोन्हीकडे!’ असं ओरडून खिडकीची काच हलवली होती.

“अकरापर्यंत राहू द्या,” मी म्हटलं, आणि खडू शोधायला लागलो.